दमलेल्या शरीराला आधी टेकू द्या: ताण आणि थकव्यासाठी सौम्य योगाचा घरच्या घरी करायचा क्रम

थकवा जाणवायला लागला की पुणेकर सगळ्यात आधी स्वतःला शिस्त लावायला निघतो. पहाटे पाचचा गजर, बारा सूर्यनमस्कार, तळजाई नाहीतर पर्वती, रविवारी सिंहगड. पहिले काही दिवस उत्साह टिकतो, मग पाठ धरते, झोप आणखी बिघडते आणि ‘आपल्याला योग झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सूर्यनमस्कारांत खोट काहीच नाही, पण आधीच गळालेल्या शरीराकडे आणखी मेहनत मागितली तर ते ती देणार कुठून?

या लेखातल्या आसनांमध्ये ताणायचं, खेचायचं, घाम गाळायचं असं काही नाही. शरीराखाली लोड, चादर, खुर्ची, भिंत असा आधार द्यायचा आणि स्नायूंना काही वेळ कामावरून सोडायचं. ही पद्धत नावारूपाला आली ती पुण्यातच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला म्हणून आले आणि इथलेच झाले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असे आजार काढलेला हा माणूस अशक्त शरीर म्हणजे काय हे स्वतः जाणून होता. खुर्ची, दोर, विटा, पट्टे, लोड वापरून आजारी किंवा दमलेल्या माणसालाही आसनात पुरेसा वेळ राहता यावं, अशी रीत त्यांनी घडवली. मॉडेल कॉलनीत १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत, म्हणजे पत्नीच्या नावानं उभारलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत, ती रीत आजही शिकवली जाते.

आधी ओळखा: गळालेले की तारवटलेले?

थकवा म्हणजे एकच गोष्ट नव्हे. माझ्या वर्गात येणारी मंडळी ढोबळमानानं दोन गटांत मोडतात आणि दोघांना एकच क्रम दिला तर एका गटाचं नुकसान होतं.

पहिला गट गळालेल्यांचा. अंगात त्राण नसतं, जिना चढताना पाय ओढावे लागतात, आठ तास झोपूनही उठल्यावर ताजं वाटत नाही. डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन गेलेले, बाळंतपणानंतर झोपेची आबाळ झालेल्या, घरातल्या आजारी माणसाची महिनोन्‌महिने उस्तवार करणारे यांत येतात.

दुसरा गट तारवटलेल्यांचा. शरीर दमलेलं, पण डोकं थांबायला तयार नसतं. हिंजवडीहून रखडत घरी यायचं, जेवून पुन्हा परदेशातल्या टीमबरोबर कॉलवर बसायचं आणि अंथरुणावर पडल्यावर छताकडे बघत राहायचं. जबडा आवळलेला, खांदे कानांशी आलेले, श्वास छातीतच वरच्यावर.

गळालेल्या माणसाला सरळ आडवं केलं तर बरं वाटतं. तारवटलेल्याला थेट शवासनात झोपवलं तर पहिल्याच मिनिटाला त्याच्या डोक्यात उद्याच्या कामांची यादी सुरू होते आणि पाचव्या मिनिटाला तो चिडून उठून बसतो. त्याला आधी थोडं हलवावं लागतं, पुढे वाकवून डोकं टेकवावं लागतं, मग आडवं करायचं. एवढा फरक सांभाळला तरी निम्मं काम होतं.

डॉक्टरांकडे कधी

तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकलेला थकवा योगावर सोपवू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातली साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. शाकाहारी घरांत बी-१२ची आणि बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी आढळते, की ‘मला हल्ली काही करावंसंच वाटत नाही’ असं कुणी म्हटलं की मी आसनाआधी रिपोर्ट विचारते. मोठ्यानं घोरणं आणि दिवसा पेंगणं एकत्र असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही बघायला हवं. छातीत दुखणं, धाप लागणं, कारण नसताना वजन उतरणं, रोज संध्याकाळी ताप येणं यांत तर दिरंगाई नकोच. मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सामान: घरात आहे तेच

योगाच्या दुकानात जायची गरज नाही. मराठी घरात बैठकीवरचा लोड असतोच. तो मऊ पडला असेल तर गादीवाल्याकडून कापूस भरून घट्ट करून घ्या. साधारण दोन फूट लांब आणि वीतभर जाड एवढा पुरतो. फोमची उशी वजनानं दबते, म्हणून ती टाळा. लोड नसेल तर सोलापुरी चादरी लांबट घडी करून एकावर एक रचा. कापसाच्या चादरी दबत नाहीत, त्यामुळे त्यांचा आधार खात्रीचा.

याशिवाय न घसरणारी सतरंजी किंवा मॅट, न हलणारी एक खुर्ची, जाड पंचा किंवा सुती ओढणी, डोळ्यांवर ठेवायला घडी केलेला रुमाल. विटेऐवजी जुने दिवाळी अंक सुतळीनं घट्ट बांधले की उत्तम काम होतं. अंगावर घ्यायला पातळ पांघरूण हवंच. स्तब्ध पडलेलं शरीर लवकर गार होतं, आणि डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची फरशी कशी असते ते वेगळं सांगायला नको. अंग आखडलं की विश्रांती संपलीच.

पोट रिकामं किंवा हलकं असावं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटांनंतर तासभर जाऊ द्या. वेळ कुठलीही चालेल. शांतता मिळेलच याची मात्र हमी नाही, विशेषतः गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की. आवाजाशी भांडू नका, पंखा लावा आणि आपलं काम करा.

पाय खुर्चीवर

हे सगळ्यात सोपं, आणि ज्यांना दुसरं काहीच जमणार नाही त्यांनी एवढं केलं तरी चालेल. सतरंजीवर पाठीवर झोपा, पोटऱ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. खुर्ची इतकी जवळ घ्या की मांड्या जवळपास उभ्या राहतील. खुर्ची फार उंच असेल तर कमरेखाली चादरीची घडी घाला. डोक्याखाली पातळ घडी, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. कंबर आपोआप जमिनीला टेकते, आणि दिवसभर खुर्चीत किंवा दुचाकीवर बसून आखडलेली पाठ दोन-तीन मिनिटांत सैल पडू लागते. पाच ते आठ मिनिटं.

ओट्याला धरून अर्ध उत्तानासन

हे तारवटलेल्यांसाठी. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर तळवे ठेवा, एकेक पाऊल मागे जा आणि कमरेतून वाका. पाठ आणि हात एका रेषेत, पाय कमरेखाली सरळ, कान दंडांच्या रेषेत. मांडीच्या मागे फार ओढ बसली तर गुडघे किंचित वाकवा. मिनिटभर थांबा, पुढे चालत या, पुन्हा एकदा करा. खांद्यांतला ताठरपणा कुठे साठला होता ते इथे कळतं. चक्कर येत असेल तर सावकाश वर या आणि क्षणभर ओटा धरून उभे राहा.

अधोमुख वीरासन, लोडावर

गुडघे टेकून बसा. पायांचे अंगठे एकमेकांजवळ, गुडघे लोड मध्ये मावेल इतके दूर. लोड लांबीत ठेवून स्वतःकडे ओढून घ्या आणि पोटापासून कपाळापर्यंतचा भाग त्यावर सोडून द्या. मान एका बाजूला वळवा, निम्म्या वेळानं दुसऱ्या बाजूला. बसायची जागा टाचांना टेकत नसेल तर मधल्या जागेत चादर भरा. गुडघे दुखत असतील तर हे जमिनीवर करूच नका. खुर्चीत बसा, समोर टेबलावर लोड ठेवून त्यावर हातांची घडी आणि कपाळ टेकवा. परिणाम तोच. कपाळ टेकलं की डोळ्यांमागचा ताण उतरतो हे वर्गात मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तीन ते पाच मिनिटं.

सुप्त बद्धकोणासन

मला एकच आसन निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. त्याची मांडणी मात्र नीट करायला हवी, नाहीतर पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते.

लोड लांबीत ठेवा. त्याच्या अरुंद टोकाला पाठ करून जमिनीवर बसा, माकडहाड लोडाला टेकलेलं. लोडावर बसायचं नाही, ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. तळपाय एकमेकांना जुळवा, गुडघे बाजूंना सोडा. पंचा कमरेच्या खालच्या हाडामागून घेऊन जांघांवरून, पावलांखालून फिरवा आणि गाठ मारा, म्हणजे पावलं पुढे घसरणार नाहीत. पंच्याची कटकट वाटली तर राहू द्या. दोन्ही मांड्यांखाली उशी किंवा घडी घाला. जांघेत ओढ जाणवता कामा नये. आता कोपरांवर भार देत मागे सरका आणि पाठ लोडावर सोडा. डोक्याखाली आणखी एक घडी अशी ठेवा, की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हनुवटी वर गेली की विचारांची गाडी सुटते. करून बघा, फरक लगेच कळेल.

कमरेत चिमटा आला तर लोडावर चादरीची आणखी एक घडी ठेवायच्या आधी लोडाचा डोक्याकडचा भाग दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर टेकवून उंच करा. तरीही दुखत असेल तर पाय सरळ पसरा आणि गुडघ्यांखाली गुंडाळी द्या. पित्त वर येणाऱ्यांनाही हा उंच प्रकार जास्त मानवतो. हात बाजूला, तळवे वर, डोळ्यांवर रुमाल. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. उठताना हातांनी गुडघे जवळ आणा, उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, मग हातांनी जमीन ढकलत बसा. पोटाच्या जोरावर ताडकन उठलात तर कमावलेलं सगळं तिथेच सांडतं.

विपरीत करणी

भिंतीला एक कुल्ला लावून आडवं बसा, मग वळत पाय भिंतीवर न्या आणि पाठ जमिनीवर सोडा. पहिले काही दिवस लोडाशिवायच करा. सराव झाला की भिंतीपासून टीचभर जागा सोडून आडवा लोड ठेवा आणि कंबर त्यावर घ्या. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर भिंतीपासून थोडं मागे सरका. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत. पायाला मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून मांडी घातल्यासारखे पाय खाली घ्या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, दुकानातले लोक यांना याचा आराम सगळ्यात आधी जाणवतो. पाच ते दहा मिनिटं.

काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे करू नका. त्याऐवजी पाय खुर्चीवरच ठेवा, तेही डॉक्टरांना विचारून. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत पाठीवर फार वेळ सपाट पडू नये, डाव्या कुशीवर उशा घेऊन झोपावं. मासिक पाळीच्या दिवसांत अय्यंगार परंपरेत उलटी आसनं करत नाहीत. त्या दिवसांत सुप्त बद्धकोणासन पुरेसं आहे.

शवासन आणि श्वास

हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनीही शवासनाला श्रम घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हटलं आहे, पण वर्गात लोक ते शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. दहा मिनिटं द्या. गुडघ्यांखाली गुंडाळी, डोक्याखाली घडी, अंगावर पांघरूण. जबडा सुटा, जीभ खालच्या दातांमागे सैल. डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखं होत असेल किंवा मन एखाद्या दुःखातच घुटमळत राहत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा, छताकडे बघा, वेळ पाच मिनिटांवर आणा. काहींना डोळ्यांत पाणी येतं. येऊ द्या.

शवासनातच सुरुवातीला पाच-सहा श्वास मोजा. श्वास जितका सहज येतो तितका येऊ द्या, सोडताना मात्र दोन अंक जास्त मोजा. तीन अंकांत आत आला तर पाच अंकांत बाहेर. त्यामागचं कारण साधं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबला की शरीराला विसाव्याकडे नेणारी परानुकंपी चेतासंस्था जास्त काम करते. श्वास रोखायचा नाही, छाती भरभरून फुगवायची नाही. गुदमरल्यासारखं झालं तर मोजणी सोडून द्या.

रात्री झोप न येणाऱ्यांनी अंथरुणावर जाण्याआधी बसून भ्रामरीची पाच-सात आवर्तनं करावीत: ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास सोडताना बारीक गुणगुण. कानात बोटं घालणं ऐच्छिक. कपालभाती आणि भस्त्रिका या अवस्थेत नकोत. टीव्हीवर पाहून थकलेली माणसं नेमक्या याच दोन गोष्टी सुरू करतात, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

क्रम कसा लावायचा

गळालेल्यांनी: पाय खुर्चीवर ५ मिनिटं, सुप्त बद्धकोणासन ८, विपरीत करणी ५, शवासन १०.

तारवटलेल्यांनी: ओट्याला धरून अर्ध उत्तानासन दोनदा, खुर्चीत आडवं बसून खुर्चीची पाठ धरत दोन्ही बाजूंना हलका पीळ, अधोमुख वीरासन ४ मिनिटं, विपरीत करणी ६, डोळे झाकून शवासन ८. सुप्त बद्धकोणासन दुसऱ्या आठवड्यात घाला.

आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे. अर्धा तास मिळत नसेल तर पाय खुर्चीवर आणि शवासन, बस. ऑफिसात दोन मीटिंगांच्या मध्ये टेबलावर हातांची घडी करून दोन मिनिटं कपाळ टेकवलं तरी चालतं. कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणा.

वाढवायचं कधी, थांबायचं कधी

आज केलेलं मानवलं का, हे उद्या सकाळी कळतं. करून उठल्यावर छान वाटलं, पण दुसऱ्या दिवशी अंग आणखी जड झालं तर ते जास्त झालं, मग ते नुसतं पडून राहणं का असेना. विषाणूजन्य तापानंतर थकवा रेंगाळलेल्यांनी हे कटाक्षानं पाळावं. बरं वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस झोपून काढायचे, या चक्रात ही माणसं अडकतात. बऱ्या दिवशीही ठरलेलं तेवढंच करा.

दोन आठवडे सकाळची तपासणी सलग समाधानकारक असेल तर एकच गोष्ट वाढवा. आधी वेळ. मग भिंतीला पाठ लावून ताडासन, त्यानंतर भिंतीच्याच आधारानं त्रिकोणासन. सूर्यनमस्कार हवेच असतील तर दोन, सावकाश. पर्वतीच्या पायऱ्या त्यानंतर.

शवासनात झोप लागते, मग योग कुठला, असं बरेच जण विचारतात. झोप साठलेली असते, ती वसूल होते. पहिले दोन-तीन आठवडे खुशाल झोपा, गजर मात्र लावून ठेवा. त्यानंतरही दरवेळी झोपच लागत असेल तर रात्रीच्या झोपेचे तास मोजा.

शिकायला जायचं असेल तर

मॉडेल कॉलनीतल्या संस्थेत आजारी व्यक्तींसाठी वेगळे वर्ग चालतात. नारायण पेठेतली कबीरबाग दोर आणि पट्ट्यांच्या आधारानं होणाऱ्या योगोपचारासाठी ओळखली जाते. काही दिवस राहून शिकायची सोय हवी असेल तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं कैवल्यधाम लोणावळ्यात आहे. घराजवळच्या क्लासला जाणार असाल तर पहिल्या भेटीत शिक्षक तुम्हाला काय विचारतात ते बघा. रक्तदाब, पाठ, गुडघे, डोळे, चालू औषधं, झोप यांची चौकशी न करता थेट मॅट पसरायला सांगितली, तर तो वर्ग तुमच्या बऱ्या दिवसांसाठी ठेवा. आणि ‘मला आज दमल्यासारखं वाटतंय’ असं तुम्ही म्हटल्यावर शिक्षक लोड पुढे करतात की ‘जोर लावा, जमेल’ म्हणतात, हेही पहिल्याच आठवड्यात कळतं. महिन्याची फी त्यानंतर भरा.